गुणसूत्रांवर कोरलेला इतिहास : जातीचे वय कसे मोजले गेले

जात रक्तातच असते, असे आपल्याकडे आजही सहज बोलले जाते. बोलणारा कधी अभिमानाने बोलतो, कधी तिरस्काराने. आणि सोयरीक जुळवताना आपल्याच समाजातील एखादा पालकही नकळत तेच बोलून जातो. इतिहास शिकविणाऱ्या आम्हाला हे वाक्य पुराव्यावर तपासून पाहावेसे वाटले. इतिहासाची साधने म्हणजे केवळ ताम्रपट, शिलालेख आणि बखरी नव्हेत. प्रत्येक माणसाच्या पेशीत पूर्वजांनी मागे ठेवलेला एक दस्तऐवज असतो, आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत विज्ञानाने तो वाचण्याची लिपी उलगडली आहे. प्रस्तुत लेखात ती लिपी कोणती आणि जातीविषयी तिची साक्ष काय, हे आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यापुढे मांडीत आहोत. दहावीच्या विज्ञानाची थोडी आठवण असली तरी पुढील विवेचन समजण्यास पुरेशी आहे.

एकाच विद्यापीठातील दोन शोध

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या वेळी त्याच विद्यापीठातील शर्मरहॉर्न हॉल या इमारतीच्या एका खोलीत प्रा. टॉमस हंट मॉर्गन आपल्या तरुण सहकाऱ्यांसह फळमाश्या पाळीत होते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या या बारीक माश्या दुधाच्या बाटल्यांत हजारोंनी वाढविल्या जात आणि त्यांच्या डोळ्यांचा रंग, अंगाचा रंग, पंखांचा आकार यांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जाई. आनुवंशिकतेचे घटक, म्हणजे जनुके, गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात, हे या 'माश्यांच्या खोलीत' सिद्ध झाले. या कार्याबद्दल मॉर्गन यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी त्याच विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते : जातीचे सार शिवाशिवीत नाही, धंद्यातही नाही, ते जातीच्या आतच विवाह करण्याच्या बंधनात आहे. भारतातील लोक मूळचेच मिश्र आहेत. कुळाबाहेर विवाह करणे ही येथील जुनी रीत, आणि जातीअंतर्गत विवाहाचे बंधन तिच्यावर नंतर लादले गेले. एका वर्गाने आपले दार प्रथम लावून घेतले; मग काहींनी त्याचे अनुकरण केले, तर काहींना ते दार आपल्यासाठी बंद झालेले आढळले.

या दोन कार्यांचा त्या काळी परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु मॉर्गन यांच्या खोलीत घडविले गेलेले साधन जवळजवळ शंभर वर्षांनी बाबासाहेबांनी मांडलेल्या प्रश्नाला लागू पडले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी ते साधन समजून घेतले पाहिजे.

एकत्र जाणे आणि वेगळे होणे

ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. दोन वेगवेगळे गुण संततीत एकमेकांपासून स्वतंत्रपणे उतरतात, असा त्यांचा एक निष्कर्ष होता. परंतु इंग्लंडमध्ये बेटसन, सॉन्डर्स आणि पुनेट यांना १९०५ च्या सुमारास गोड वाटाण्याच्या फुलझाडात वेगळेच आढळले. फुलाचा जांभळा रंग आणि परागकणाचा लांबट आकार हे दोन गुण अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा जोडीने उतरत होते.

याचे कारण मॉर्गन यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत आणि जनुके सुमारे वीस हजार. अर्थात एकेका गुणसूत्रावर शेकडो जनुके असणार आणि ती जोडीने पुढच्या पिढीत जाणार. यालाच सहलग्नता म्हणतात.

पण ही सोबत अभंग नसते. बीजपेशी तयार होताना आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र शेजारी शेजारी येतात, काही ठिकाणी तुटतात आणि आपापले तुकडे बदलून पुन्हा जुळतात. या क्रियेला पारगती म्हणतात आणि तिच्यातून होणाऱ्या नव्या जुळणीला पुनःसंयोजन. म्हणून आपण आपल्या मुलाला जे गुणसूत्र देतो ते आपल्या आईचे किंवा वडिलांचे जसेच्या तसे नसते. गोधडीत दोन जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडलेले असावेत, तसे ते दोघांच्या तुकड्यांनी बनलेले असते. आईच्या बीजपेशीत असे सांधे सरासरी चाळीसच्या आसपास असतात, वडिलांच्या बीजपेशीत पंचवीस ते तीस.

आपल्या भागातील वाचकाला याचा पुढचा भाग रस्त्यावरून चांगला समजेल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड कोसळते. ती नेमकी कोठे कोसळेल हे सांगता येत नाही. परंतु लागून असलेल्या दोन वाड्यांच्या मध्येच ती पडावी, असे क्वचितच घडते. उलट पोलादपूर आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये कोठेतरी ती पडण्याचा संभव पुष्कळच असतो. आता अशी कल्पना करू या, की एखाद्याने हा घाट कधी पाहिलेला नाही. त्याच्यापुढे केवळ कोणत्या गावाचा कोणत्या गावाशी संपर्क किती वेळा तुटला, याच्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत. तेवढ्यावरूनही त्याला गावांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतरे काढता येतील. ज्यांची ताटातूट क्वचित होते ती गावे जवळची, ज्यांची वारंवार होते ती दूरची.

आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या मॉर्गन यांच्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले. १९११ मध्ये, पदवीचे शिक्षण घेत असताना, त्याने माश्यांच्या नोंदी घरी नेल्या आणि एका रात्रीत जगातील पहिला जनुक-नकाशा काढला. १९१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पिवळ्या अंगाचे जनुक शून्यावर धरले तर पांढऱ्या डोळ्यांचे १ वर, शेंदरी डोळ्यांचे ३०.७ वर, लहान पंखांचे ३३.७ वर आणि खुरट्या पंखांचे ५७.६ वर येते, असे त्याने दाखविले. शंभर संततींत एकदा ताटातूट होईल एवढ्या अंतराला पुढे मॉर्गन यांच्या नावावरून सेंटिमॉर्गन हे नाव मिळाले. माणसात एक सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरीने सुमारे दहा लाख जनुकीय अक्षरे. तोवर कोणीही जनुक डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. गुणसूत्रांचे तुकडे खरोखर बदलले जातात याचा प्रत्यक्ष पुरावा हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये मक्यावर दिला.

परळमध्ये सापडलेला रक्तगट

सहलग्नतेचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांच्या पिढ्या ज्या गिरणगावात नांदल्या, त्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. तोच 'बॉम्बे' रक्तगट. मुंबईत तो सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीचा असतो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे भासते, परंतु अशा रुग्णाला 'ओ' रक्तही चालत नाही. त्याला 'बॉम्बे' गटाचेच रक्त द्यावे लागते.

ए, बी, ओ ठरविणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. 'बॉम्बे' गटाला कारण असणारे जनुक मात्र एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. दोन्ही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे ती मेंडेलच्या नियमाप्रमाणे स्वतंत्रपणे वारशाने येतात. एकोणिसाव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या अगदी शेजारी दुसरे एक जनुक आहे. लाळेत रक्तगटाचे द्रव्य उतरते की नाही, हे ते ठरविते. भारतातील 'बॉम्बे' गटाच्या व्यक्तींमध्ये पहिल्या जनुकात एका अक्षराचा बदल आणि दुसरे जनुक मुळातच गहाळ, अशा दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र आढळतात. दोन्ही दोष कधीकाळी एकाच गुणसूत्रावर आले आणि लागून असलेल्या वाड्यांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या सोबत चालत राहिले.

सिकलसेल : एका कलंकाचे निराकरण

दुसरे उदाहरण आपल्या समाजाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. विदर्भातील नवबौद्ध बांधवांत, तसेच गोंड, भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. अकराव्या गुणसूत्रावरील हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या बनतात. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. केवळ एका बाजूने बदल आलेली व्यक्ती सामान्यतः निरोगी राहते, इतकेच नव्हे तर तिला घातक मलेरियापासून काही संरक्षणही मिळते. ज्या प्रदेशांत मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले तेथे हा बदल टिकून राहिला, तो यामुळे.

१९७८ मध्ये अमेरिकेत यूएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी या जनुकाच्या शेजारची एक खूण ओळखून तिच्यावरून दोषाचा माग काढता येतो, हे दाखविले. मानवी जनुकांचा नकाशा अशा खुणांच्या आधारे काढण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. त्यानंतर देशोदेशींच्या रुग्णांतील शेजारखुणा ताडून पाहण्यात आल्या. आफ्रिकेतील सिकल जनुकाभोवतीच्या खुणा निराळ्या आणि भारतातील निराळ्या निघाल्या. भारतात हा दोष जेथे आढळतो तेथे त्याच्याभोवतीच्या खुणा बहुतेक एकाच नमुन्याच्या असतात, आणि अरबस्तानच्या पूर्व भागातही तोच नमुना सापडतो. म्हणून त्याला अरब-भारतीय नमुना असे म्हणतात.

याचा सामाजिक अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. सिकलसेलला अमुक जातीचा रोग म्हणून हिणविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. जनुकाच्या शेजारखुणा मात्र सांगतात की विदर्भातील बौद्ध, सातपुड्यातील भिल्ल आणि निलगिरीतील आदिवासी यांच्या अंगी असलेला हा तुकडा बहुधा एकाच दूरच्या पूर्वजापासून आला आहे. ज्यांना समाजरचनेने वेगवेगळ्या कप्प्यांत टाकले, त्यांच्यातील जुन्या नात्याची ही खूण आहे. तीत लाज बाळगण्यासारखे काहीही नाही.

पुनःसंयोजनाचे घड्याळ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दोन दूरच्या समूहांतील स्त्री-पुरुषांचा विवाह झाला असे समजा. त्यांच्या अपत्याजवळ प्रत्येक जोडीतील एक अखंड गुणसूत्र एका समूहाचे आणि एक दुसऱ्याचे असते. पुढच्या पिढीत पारगतीमुळे त्यांचे मोठे तुकडे होतात, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी लहान. जितक्या पिढ्या उलटतील तितके तुकडे बारीक. ढोबळ हिशेब असा की शंभराला पिढ्यांच्या संख्येने भागले म्हणजे तुकड्याची सरासरी लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मिळते. दहा पिढ्यांनंतर ती दहाच्या आसपास, सत्तर पिढ्यांनंतर दीडहून थोडी कमी.

दोन समूहांत विवाह होत राहतात तोवर दर पिढीत नवे, लांब तुकडे येत राहतात. विवाह थांबले की नवे तुकडे येणेही थांबते आणि जुनेच तेवढे झिजत जातात. म्हणजे तुकड्यांच्या लांबीवरून मिश्रण केव्हा झाले हे कळते, आणि ते केव्हा थांबले हेही कळते. कार्बनच्या ऱ्हासावरून पुरातत्त्वज्ञ लाकडाचे वय सांगतो, त्याच जातीची ही पद्धत आहे.

२०१३ मध्ये प्रिया मूरजानी, हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेचे के. थंगराज व लालजी सिंग, तसेच हार्वर्डचे डेव्हिड राइक आदींनी भारतीय उपखंडातील ७३ समूहांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाले, आणि ते तथाकथित उच्च जाती, तथाकथित कनिष्ठ जाती व आदिवासी अशा जवळजवळ सर्वांत झाले, असे त्यांना आढळले. प्रमाण कमीअधिक आहे. परंतु या मिश्रणापासून अलिप्त राहिलेला समूह मुख्य भूमीवर जवळजवळ नाहीच.

मिश्रण थांबले केव्हा, याचा शोध पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या पार्थ मजुमदार व सहकाऱ्यांनी घेतला. २० समूहांतील ३६७ व्यक्तींवरील त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतील उच्चवर्णीय समूहांत बाहेरचे विवाह सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, जवळजवळ एकाच सुमारास थांबले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. साडेबावीस वर्षांची पिढी धरली तर हा काळ सुमारे १,५७५ वर्षांपूर्वीचा, म्हणजे इसवी सन ३१९ ते ५५० या गुप्त राजवटीतला येतो. धर्मशास्त्राचे निर्बंध राजसत्तेच्या बळावर अमलात आणले गेले असावेत, असे अनुमान या शास्त्रज्ञांनी काढले आहे. महाराष्ट्रातील मराठा समूहात मिश्रण त्यानंतरही काही काळ चालू राहिल्याचे त्यांना दिसले, आणि चालुक्य-राष्ट्रकूट काळात स्थानिक शेतकऱ्यांतून योद्ध्यांचा वर्ग घडला, या इतिहासाशी त्यांनी ते जोडले.

इतिहासकाराच्या नजरेतून

महाडजवळच्या गांधारपाले येथील लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत. आपल्याच जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांच्या शिलालेखांत दान देणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि ब्राह्मण उपासकाची पत्नीही आहे. या माणसांनी कोणाशी सोयरिकी केल्या हे शिलालेख सांगत नाहीत. परंतु जनुकांची दिनदर्शिका सांगते की ही लेणी कोरली जात होती तेव्हा ते दार अजून बंद झालेले नव्हते.

दुसरा पुरावा खुद्द विरोधी बाजूचा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी याच महाडात ज्या मनुस्मृतीचे दहन झाले, तिचा दहावा अध्याय वर्णसंकराच्या याद्यांनी भरलेला आहे. जे घडतच नाही त्याची मनाई कोणी लिहून ठेवीत नाही. विवाह होत होते, म्हणूनच ते मोडून काढण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला.

१९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराचा ठरविला होता. ग्रंथांच्या आणि चिनी प्रवाशांच्या साक्षी तपासून त्यांनी हे अनुमान केले. सत्तर पिढ्यांचा हिशेब त्याच शतकात येऊन पडतो, हे लक्षणीय आहे. तथापि येथे संयम आवश्यक आहे. जनुके विवाहाविषयी बोलतात, अस्पृश्यतेविषयी नाही. पिढीची वर्षे कमीअधिक धरली तर तारीख पुढेमागे सरकते. आदिवासी समूहांत मिश्रण थांबण्याचा काळ एकसारखा नाही. म्हणून 'विज्ञानाने बाबासाहेबांचा शब्द न्‌ शब्द सिद्ध केला' अशी घोषणा करणे त्यांच्याच चिकित्सक वृत्तीला शोभणारे नाही. निश्चितपणे म्हणता येते ते एवढे : मिश्रण आधी आणि बंधन नंतर, हा १९१६ चा क्रम गुणसूत्रांच्या तुकड्यांतही तसाच आढळला. जातीला आरंभ आहे, आणि तो माणसांच्या विवाहनियमांत आहे.

आपल्यापुरता अर्थ

बंद दाराची किंमत आत राहणाऱ्यांनाही मोजावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या लहान वर्तुळात विवाह होत राहिले तर दोन्हीकडून तोच लपलेला दोष येण्याचा संभव वाढतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका स्नायुशिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम कित्येकांवर धोकादायकरीत्या लांबतो, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. उच्चनीचतेचा येथे प्रश्नच नाही. भिंत सर्वांनाच बाधते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण जात सोडली. परंतु सोयरिकीच्या बैठकीत आजही कोकणातले की घाटावरचे, असा प्रश्न निघतो. आमच्या वसतिगृहात एका ताटात जेवलेली मुले मोठी झाल्यावर त्यांच्याच घरी हा प्रश्न विचारला जावा, याचे आम्हाला दुःख वाटते. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी तो विचारणे बंद करावे, एवढी आमची अपेक्षा आहे.

विवाह ठरविताना विचारण्याजोगा प्रश्न दुसराच आहे. विदर्भाशी, खानदेशाशी किंवा आदिवासी भागांशी नातेसंबंध असलेल्या कुटुंबांनी वधूवरांची सिकलसेल तपासणी अवश्य करून घ्यावी. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे आणि त्याअंतर्गत तपासणी केली जाते. एक जण वाहक निघाला म्हणून विवाह मोडण्याचे कारण नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पुढचे पाऊल टाकावे. ज्यांचा रक्तगट 'बॉम्बे' निघेल त्यांनी तो लपवू नये. आपले नाव रक्तपेढीत नोंदवावे, कारण त्याच गटाच्या दुसऱ्या एखाद्या रुग्णाचा जीव त्या नोंदीवर अवलंबून असतो.

मुलांनी 'जात रक्तात असते का' असे विचारले तर त्यांना गप्प न बसविता घाटातल्या दरडीचे उदाहरण द्यावे. रक्तात काय असते, ते केव्हापासून असते आणि कोणी कोणाला कोणापासून तोडले, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगता येते. ज्या महाडात एका तळ्याच्या पाण्यावरून माणसामाणसांतील भेद मोडून काढण्याचा लढा झाला, तेथील शाळेने मुलांच्या हाती हे ज्ञानही दिले पाहिजे.

जय भीम.